बर्फावरची पेरणी

विलो ओढा, उत्तर नेवाडा
१२ ऑगस्ट

माइदर पोरी,

नेहमीसारखं बोलतेय मी आणि लिहितेय शेजारची लोरीन. आज तिच्या हातांना काजळी आहे, तेव्हा कागदावर डाग दिसले तर ते तिचे समज, माझे नव्हेत. ती म्हणते, असलं मी लिहीत नाही. मी म्हटलं, शाळेची बस चालवताना तू कुणाचं ऐकत नसशील, पण ही बस माझी आहे.

आधी चांगलं सांगते. तुझा बाप पेयो धड आहे, घर धड आहे. मेंढ्याही धड आहेत, फक्त धुराड्यातून ओढून काढल्यासारख्या दिसतात. पेयोच्या भुवया जळल्या. तशाही त्या त्याला शोभत नव्हत्या.

आता दुसरं. वरचा माळ गेला.

पाऊस नसताना वीज पडली. सरकारी बंबवाले डोंगरापलीकडच्या मोठ्या आगीवर अडकलेले, म्हणून आपले शेजारीपाजारीच टँकर आणि डोझर घेऊन धावले. दुपारपर्यंत त्यांनी आग रेटून धरली होती. मग वारा फिरला. कळप तेव्हा वरच होता. पेयोने काय केलं असेल? मेंढपाळाचं पोर जे करील तेच. आग आली की कळप उघड्या मातीवर न्यायचा. उघडी माती वर कुठे आहे ते तुला ठाऊकच आहे. ते रानातले सेजकोंबडे दर वसंतात माद्यांपुढे नाचतात तीच. सगळ्या मेंढ्या त्याने त्या नाचाच्या जागेवर दाटीवाटीने उभ्या केल्या, आणि चारही बाजूंनी माळ जळून गेला. सेजचं एक झुडूप उरलं नाही. टक्कल तेवढं वाचलं, केस गेले.

तुझा आजा बेन्याट मेपर्यंत त्या जागेवर मेंढी फिरकू देत नसे. कोंबड्यांचा हॉल आहे तो, म्हणायचा, आपण नाचतो त्या हॉलमध्ये ते येतात का? आता सगळा कळप तिथे लेंड्या टाकून आला. मी पेयोला काही बोलले नाही. तोही माझ्याशी बोलत नाही. जेवायला बसतो नि ब्रेडचे तुकडे करत राहतो.

तर आता काम. तू तिकडे बॉयसीत सरकारी रोपवाटिकेत सेजची रोपं वाढवतेस. मार्चमध्ये कोंबडे परत येतील. ते दुसरीकडे जात नाहीत, म्हाताऱ्या माणसांसारखे आहेत. त्यांच्या माद्यांना अंडी घालायला आडोसा लागतो, आणि आडोसा म्हणजे सेज. एक ट्रक भरून पाठवून दे.

खाली फुली आहे ती तुझ्या आजीची, माझी. वाकडी वाटली तर लोरीनने टेबल हलवलं.

आमाची


बॉयसी
२४ ऑगस्ट

आमाची,

ट्रक भरून पाठवता आली असती तर मीच चालवत आणली असती. बाबाला सांग, त्याने बरोबर केलं. मी तिथे असते तर मीही मेंढ्या तिथेच नेल्या असत्या.

तू सांगतेस ना, समुद्रापलीकडे तुझ्या माहेरी मेंढपाळ फेब्रुवारीत डोंगर पेटवायचे आणि ईस्टरला सगळं हिरवंगार व्हायचं? सेजचं तसं नाही गं. ती जळली की मुळातून फुटत नाही. बियांतूनच येते, आणि बी आईच्या पायाशीच पडतं, लांब उडत नाही. तुमच्या माळावर आता आईच उरली नाही. पहिल्या हिवाळ्यात बी पडलं तर पडलं. नाही तर लबाड गवत शिरतं. बर्फ वितळायच्या आत उगवतं, जूनमध्ये वाळून कोरडंठाक होतं आणि पुढच्या ठिणगीला सगळं परत पेटवतं. दोन-तीनदा असं झालं की तिथे पुन्हा सेज येत नाही. आमच्या ऑफिसात अशा जागांचे नकाशे आहेत. मला ते बघवत नाहीत, पण माझं कामच ते आहे.

मी मीटिंगमध्ये विचारलं. भिंतीवरच्या नकाशात यंदा जळालेलं सगळं लाल रंगवलंय. आपला माळ माझ्या नखाएवढा. मी त्याच्यावर बोट ठेवून सांगितलं, इथे कोंबडे नाचतात. साहेबांनी विचारलं, किती? मी म्हटलं, थोडे. त्यांनी मान हलवली. वाईट माणूस नाहीये तो, त्याला खरंच वाईट वाटलं. पण बी आणि ते फेकणारी विमानं जिथे पुष्कळ कोंबडे आहेत तिकडे जाणार. माझी रोपंसुद्धा आधीच वाटून झालीत.

मी काही करू शकत नाही. हे वाक्य मी दोनदा खोडलं आणि परत तेच लिहिलं.

लोरीनला सांग, काजळीचे डाग बघून मला बरं वाटलं. घराचा वास आला.

तुझी
माइदर


विलो ओढा
१८ नोव्हेंबर

माइदर,

तुझं पत्र लोरीनने मला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा मी सांगितलं नव्हतं. बी पहिल्या हिवाळ्यात पडलं तर पडलं, हे वाक्य तिने जरा मोठ्याने वाचलं. मी म्हटलं, अगं, मग पाडू की आपण.

खालच्या घळीत, ओढ्यावर, जुनी सेज आहे, आग तिथे उतरली नव्हती. नोव्हेंबरात तिच्या तुऱ्यांत बी धरतं. ते काढायची रीत मला माहीत नव्हती. लोरीनने कुठून तरी शोधली, शाळेच्या अडगळीतून टेनिसच्या जुन्या रॅकेट घेऊन आली. झुडपाखाली चादर धरायची आणि वरून रॅकेटने झोडायचं. आयुष्यात पहिल्यांदा टेनिस खेळले. आपल्या हॉलमधल्या पाचसहा बायका आल्या होत्या. कुणाच्या कमरेला पट्टा, कुणाला दमा, आणि सेजची धूळ नाकात गेली की सगळ्याजणी एकदम शिंकायच्या. मी चादर धरून खुर्चीवर बसले होते, कारण डोळ्यांवर साय आल्यापासून मी झुडूप सोडून माणसांना झोडते असं यांचं म्हणणं आहे.

पेयो पहिल्या दिवशी गाडीतून उतरलाच नाही. आई, हे म्हणजे समुद्र चमच्याने भरण्यातला प्रकार आहे, म्हणाला. मी म्हटलं, तुझा चमचा घेऊन ये. दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना कोकराचा रस्सा करून घातला. तेव्हापासून जरा बोलतो.

बी म्हणजे काय, मिरपूड गं. त्यात पाचोळा, काड्या, फुलोरा सगळं असतं. निवडायला गेलो तर ईस्टर येईल, म्हणून आहे तसंच पोत्यांत भरलं. लोकरीची पोती होतीच शेडमध्ये, ती लांब, ज्यांत मी उतरून लोकर तुडवायची ती. लग्न होऊन आले तेव्हा माझं पहिलं काम तेच होतं. बेन्याटने बायको आणली नव्हती, पाय आणले होते. ती पोती पुन्हा भरलेली बघून मला बरं वाटलं. भरताना मी आत उतरणार होते, कुणी उतरू दिलं नाही.

पहिला चांगला बर्फ पडला की माळावर फेकायचं. बर्फ वितळेल तसं बी आपोआप मातीत जाईल, असं लोरीन म्हणते. बरोबर आहे ना? चुकत असेल तर आत्ताच सांग.

आमाची


बॉयसी
४ डिसेंबर

आमाची,

बरोबर आहे. अगदी बरोबर आहे. वारा पडलेला असताना फेका आणि तोवर पोती कोरड्या, थंड जागी ठेवा. चुलीजवळ नको, तुझी सवय मला माहीत आहे.

ऑफिसात मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर परवानगी, तपासणी, असं सगळं निघालं असतं आणि तोवर बर्फ गेला असता. पण जेवणाच्या सुट्टीत मी बियांच्या कोठारात जाऊन एकटीच हसत उभी राहिले. तुम्ही सगळ्या रॅकेटी घेऊन शिंकताय हे डोळ्यांपुढून जात नव्हतं.

सगळं बी उगवत नाही, हे आधीच सांगून ठेवते. थोडंच उगवतं. पण थोडं पुरे असतं.

माइदर


विलो ओढा
२ एप्रिल

माइदर,

बस आणि मग वाच. उगवलं.

जानेवारीत बर्फावर आम्ही फेकलं तेव्हाचं लिहायचं राहिलं, लोरीनचा अंगठा दारात सापडला होता. सगळ्याजणी मफलर गुंडाळून एका ओळीत चाललो आणि मूठमूठ टाकत गेलो. मला पेयोने हाताला धरलं होतं. पांढऱ्यावर बी काळंभोर दिसत होतं, तेवढं मलाही दिसलं.

आणि आता हिरवं! गाडीच्या काचेतूनसुद्धा दिसतं. बाकीचा माळ काळा आणि आपण चाललो तिथे हिरवे पट्टे, हाताच्या फेकीसारखे वळलेले. उतरून मी हातही लावला. मऊ आहे, लव आहे अंगावर, कोकराच्या कानासारखी. सेज करडी असते हे मला माहीत आहे, पण पोरपणी सगळंच हिरवं असतं.

कोंबडेही आलेत. पहाटे पेयोने मला नेलं. छातीची पांढरी कॉलर फुगवायची, तिच्यातून त्या दोन पिवळ्या पिशव्या बाहेर काढायच्या आणि बुडबुडा फोडल्यासारखा आवाज करायचा. मग शेपटीचे काटे पसरून इकडेतिकडे बघायचं, कुणी पाहिलं का. रविवारी हॉलमध्ये पत्ते जिंकलेले म्हातारे तंतोतंत असेच करतात. मेंढ्यांच्या लेंड्यांत नाचताहेत बापडे, पण नाचताहेत. बायका अजून आलेल्या नाहीत. येतील, नटायला वेळ लागतो.

पेयो गाडीत गप्प होता. लोरीनही हल्ली कमी बोलते, अंगठा दुखत असेल. मी एकटीच बडबडत होते. तू ईस्टरला ये. तुझ्या साहेबालाही आण, त्याला नखाएवढा माळ दाखवते.

आमाची


बॉयसी
१२ एप्रिल

प्रिय आमाची,

पत्र पोचलं. ईस्टरला यायचं जमणार नाही, रोपं बाहेर काढायचा हंगाम आहे. रागावू नकोस.

एक काम कर. त्या हिरव्यातलं थोडंसं मुळासकट उपटून कागदात दाबून पाठव. मला बघायचंय, एवढंच. आणि आठवून सांग, पोती भरायच्या आधी झटकली होती का? उन्हात उलटी करून? आत लोकर चिकटलेली होती का?

सहज विचारते आहे.

माइदर


विलो ओढा
२१ एप्रिल

माइदर,

तू सहज विचारत नाहीस. तू लहानपणी सहज काही विचारायचीस तेव्हा काहीतरी फुटलेलं असायचं.

पोती झटकली नव्हती. लोकरीचं पोतं कोण झटकतं? आत लोकर असायचीच. काड्याकुसळंही होती, मला भरताना बोटांना टोचली. मेंढीच्या अंगावर असतातच. कागदात पान पाठवतेय. लोरीनने उपटलं.

बायका अजून नाहीत.

आमाची

माइदर, हे मी लोरीन लिहिते आहे, तुझ्या आजीने, गाशुशाने, सांगितलेलं वर संपलं. ती समोर बसून मटार सोलतेय आणि तिला वाटतंय मी पत्ता लिहितेय. मला मार्चमध्येच कळलं होतं. मी याच खोऱ्यात वाढले, त्या गवताची लव मला दुरून ओळखू येते. पेयोलाही कळलं होतं. पण तिने सांगायला सुरुवात केली, उगवलं म्हणून, आणि मी लिहीत गेले. ते पत्र मी लिहायलाच नको होतं. पोत्यांचं मात्र माझ्याही डोक्यात आलं नव्हतं, देवाशपथ. आता तुझं उत्तर मलाच तिला वाचून दाखवायचंय. तू जे लिहिशील ते मी वाचीन. पण खोटं लिहून मला वाचायला लावू नकोस.


बॉयसी
३० एप्रिल

आमाची,

मी तिकडे येऊन हे सांगायला हवं होतं. आले नाही, कारण तुझ्यासमोर मला सांगता आलं नसतं.

ते सेज नाही. ते लबाड गवत आहे. त्याची कुसळं मेंढ्यांच्या लोकरीत अडकतात आणि तिथून पोत्यांत येतात. सेजच्या बियांबरोबर तीही माळावर पडली. सेजला उगवायला वेळ लागतो, त्याला लागत नाही. पट्टे दिसतात ते त्याचेच.

चूक तुझी नाही. तू मला विचारलं होतंस, चुकत असेल तर आत्ताच सांग. पोती लोकरीची आहेत हे तू लिहिलं होतंस आणि ते मी वाचलं होतं. बियांचं शिक्षण माझं झालंय. मी हसत उभी राहिले.

ते गवत एक ना एक दिवस आलंच असतं, वाऱ्याने, गाडीच्या चाकांनी, कशानेही. हे खरं आहे. पण ते ऐकून तुला बरं वाटणार नाही हेही मला माहीत आहे, कारण मलाही वाटत नाही.

काय करायचं ते मला माहीत नाही. औषध मारायला परवानगी लागते आणि ती येईपर्यंत ते बी टाकून मोकळं झालेलं असेल. मेंढ्या सोडल्या तर त्या ते खातील, पण खाली सेजचं एखादं रोप आलं असेल तर तेही पायाखाली जाईल. बी पिकून त्याला तांबूस रंग चढायच्या आत हाताने उपटलं तर उपटलं. पण तो माळ आहे गं, अंगण नव्हे.

माइदर


विलो ओढा
२४ मे

माइदर,

लोरीनने पत्र वाचलं. मधे थांबली, चष्मा पुसला, मी म्हटलं, वाच. शेवटपर्यंत वाचलं. मग मी तिला विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं? मार्चपासून, म्हणाली. पेयोलाही विचारलं. तो उठून मेंढ्यांना पाणी दाखवायला गेला. मेंढ्यांनी नुकतंच प्यायलं होतं.

म्हणजे मी गाडीत बसून बडबडत होते आणि माझ्या दोन्ही बाजूंना दोन माणसं गप्प बसली होती. आठ-दहा दिवस मी लोरीनशी बोलले नाही. त्यात मला दोन पत्रं सुचली, पण तिच्याशी न बोलता ती लिहिणार कशी? शेवटी तीच हातमोजे घेऊन दारात आली. दोन जोड होते. म्हणाली, "गाशुशा, शिव्या वर जाऊन दे, इथे वेळ जातोय."

तर आम्ही उपटतो आहोत. बाकीच्या बायकाही येतात, ज्यांचे गुडघे चालतात त्या. मी बसूनच उपटते, बोटांनी चाचपून. मुळासकट निघतं, चांगलं निघतं, त्याबाबतीत ते लबाड नाही. पोतं भरलं की पेयो नेऊन जाळतो. आता ती पोती कागदाची आहेत.

उपटताना खाली करडं काही लागलं की मी लोरीनला हाक मारते. बहुतेक वेळा खडा असतो. चार-पाच वेळा खडा नव्हता. नखाएवढी दोन पानं, चुरगळली की तो वास. एक मी चुरगळून बघितलं म्हणून मेलं. मग नाही चुरगळलं. त्यांच्याभोवतालचं सगळं आम्ही साफ केलंय, आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलाएवढं. टेबल मोठं आहे आपलं, तुला ठाऊक आहे. पण आज लोरीन उभी राहिली आणि तिने माळभर नजर फिरवली. मी विचारलं, रंग चढला का? म्हणाली, हो. कुठे? म्हणाली, सगळीकडे.

तरी उद्या जाणार आहोत. परवा गुडघ्यांना सुट्टी.

तू येऊ नकोस म्हणायला हे पत्र नाही आणि ये म्हणायलाही नाही. तू तिकडे रोपं वाढवतेस ती कुठे तरी लागतातच. चूक कुणाची, ते तू, मी आणि लोरीन वाटून घेऊ. पेयोला नको, त्याच्याकडे आधीच पुरेसं आहे.

कोंबडे आता पांगले. गेल्या आठवड्यात दोघेच उरले होते, उन्हं चढेपर्यंत नाचत. आम्ही जरा लांब बसून उपटत होतो. तेवढ्यात लोरीनने माझा हात दाबला. मादी, म्हणाली. एकटीच आली होती, करडी, इतक्या उशिरा. कुठे तरी पहिली अंडी मोडली असतील, म्हणून परत नराकडे आली असेल. ती त्या दोघांच्या मधून चालत गेली आणि ते फुगले, बुडबुड केली, सगळं केलं. ती थोडा वेळ थांबली. मग पुढे निघाली, आडोसा शोधत. त्या काळ्यातून, आमच्या त्या हिरव्या-तांबड्या पट्ट्यांतून, पूर्वेकडे. तिकडे जुनी जळालेली दरी आहे, तिकडे तर काहीच नाही.

मला दिसत नव्हतं, लोरीन सांगत होती, आता इथे आहे, आता तिथे. आमचा तो साफ केलेला टेबलाएवढा तुकडा तिच्या उजव्या हाताला राहिला. मी तिला हाक मारली, अंगणातल्या कोंबड्यांना मारते तशी. लोरीन मला गप्प बस म्हणाली नाही. मी परत मारली.

ती चालतच राहिली, म्हणाली लोरीन.

आमाची